विहारातले कपाट आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातील वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मी या वाडीची माहेरवाशीण. माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. सणावाराला भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे आणि तिथून घरी यायचे. आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायची. त्या दोघांच्या कष्टावर मी शिकले आणि आयुष्यभर एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून आता निवृत्त झाले. कमिटीने मला "शिक्षणावर दोन शब्द बोला" असे सांगितले. शिक्षणावर बोलणे सोपे असते. शिका म्हणायचे, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचे. पण आज मी तसे करणार नाही. आज मला एका कपाटाविषयी आणि एका अर्जाविषयी बोलायचे आहे. कोणाला लागले तर माफ करा, घरचीच समजून ऐकून घ्या.

काल दुपारी मी विहारात आले. वंदना झाल्यावर सहज मागच्या भिंतीला लावलेल्या कपाटाजवळ गेले. कुलूप होते. किल्ली कोणाकडे म्हणून विचारले. एकाने सांगितले सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी म्हणाले खजिनदारांकडे, खजिनदार म्हणाले, "ताई, ती मुंबईलाच राहिली वाटतं." शेवटी एका मुलाने बिजागरीचा खिळा काढला. आत काय होते? महाराष्ट्र शासनाने 1979 सालापासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे काही खंड होते. कोणीतरी श्रद्धेने विकत घेऊन दान दिलेले. खालच्या फळीवरच्या दोन खंडांना वाळवी लागली होती. वरच्यांची पाने एकमेकांना चिकटलेली. आपली हवा समुद्राची, खारी आणि दमट. इथे पुस्तक कुलपात ठेवले म्हणजे जपले असे होत नाही. पावसाळा सरला की ते बाहेर काढून वाऱ्यावर ठेवावे लागते, पाने फिरवावी लागतात, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे लागते. ते कोणी केले नाही. कोणाचा वाईट हेतू नव्हता. ते काम कोणाचे हेच ठरलेले नव्हते.

ही झाली कपाटाची गोष्ट. आता अर्जाची ऐका.

आपल्याच वाडीतली एक मुलगी. नाव घेत नाही, ती इथेच बसली असेल. बारावीला चांगले गुण, कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश, पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीही मिळाली. घरात सगळ्यांना वाटले, एकदा अर्ज भरला म्हणजे तीन वर्षांची चिंता मिटली. पण ही शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावी लागते. त्याचा निरोप आला तो भावाच्या जुन्या मोबाईल नंबरवर, आणि तो नंबर तर केव्हाच बंद पडलेला. तारीख गेली. कॉलेजने फी मागितली. बाप म्हणाला, या वर्षी थांब, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचे वर्ष काही आलेच नाही. आज ती एका दुकानात सामानाची पाकिटे भरते. सरकारात पैसा होता, मुलीत हुशारी होती, बापाची शिकवायची तयारी होती. मग अडले कुठे? अडले ते एका माहितीपाशी. ती सांगणारे माणूस वाडीत नव्हते.

बंधुभगिनींनो, माझे आजचे सगळे म्हणणे एवढेच आहे. पुस्तक असो की शिष्यवृत्ती, ती आपल्या दारापर्यंत येते. पण दार उघडणारे शिकलेले माणूस वाडीत नसेल तर ती दारातच कुजते. ते माणूस आपल्यालाच तयार करावे लागेल.

हे मी मनाचे सांगत नाही. जरा मागे जाऊन बघू.

शिष्यवृत्ती म्हटली की आपल्याला बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड आठवतात. 1913 साली त्यांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. हे आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण त्याच बडोद्यात त्याच सुमारास आणखी एक काम चालू होते, ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. परदेशच्या प्रवासात महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली होती. सक्तीचे शिक्षण सुरू केले तरी शाळा सोडलेला माणूस वाचायला काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून 1910 साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतले. आपल्या खाजगी संग्रहातील वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव फिरवायची योजना काढली. आणि ह्या सगळ्याला माणसे लागणार म्हणून 1911 साली ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला हा असा पहिलाच वर्ग.

बघा, महाराजांनी नुसती पुस्तके घेतली नाहीत आणि नुसते कपाट केले नाही. माणूस शिकवला. एकाच संस्थानाच्या तिजोरीतून दोन वर्षांच्या अंतराने ग्रंथपालांच्या वर्गालाही पैसे गेले आणि बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीलाही.

आणि बाबासाहेब गेले कुठे, तर कोलंबिया विद्यापीठात. ग्रंथपाल घडवणारी जगातली पहिली शाळा 1887 साली ह्याच विद्यापीठात मेल्व्हिल ड्यूई यांनी उघडली होती. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी, त्यातल्या सतरा बायका! त्या काळी कोलंबियाच्या कारभाऱ्यांना बायकांना वर्गात बसवणे पसंत नव्हते. त्यावरून वाद झाला आणि दोनच वर्षांनी ती शाळा न्यूयॉर्क शहरातून ऑल्बनीला हलवावी लागली. पण त्या सतराजणींनी वाट पाडली ती पाडलीच. महिला मंडळाच्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे, पुढे मला त्याचा उपयोग करायचा आहे.

आता दूरचे राहू द्या, आपल्या जिल्ह्यातले सांगते. तेव्हा ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत, 1981 साली त्याचा रायगड झाला. महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आपले कॉम्रेड आर. बी. मोरे. 1927 सालची महाडची परिषद घडवून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे मोरे लहानपणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यशस्वी झाले. शिष्यवृत्ती मिळाली. पण महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेशच मिळेना, कारण मुलगा अस्पृश्य. त्या पोराने हार मानली नाही. आपले गाऱ्हाणे त्याने वर्तमानपत्रापर्यंत पोचवले. मग प्रवेश मिळाला, तोही इतरांपासून वेगळे बसायच्या अटीवर. म्हणजे हातात शिष्यवृत्ती असूनसुद्धा दार बंद. ते दार उघडले ते लिहिता येणाऱ्या हाताने. पुढे तोच मुलगा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे होता. तळ्याचे पाणी आणि शाळेचा बाक, दोन्हींचे कुलूप एकाच जातीचे होते.

बाबासाहेबांना हे दुःख ठाऊक होते. म्हणून 1942 साली ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा त्याच वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन त्यांनी व्हाईसरॉयना दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा ही मागणी होती. सरकारने दरवर्षी तीन लाख रुपये मंजूर केले. 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले जो अर्ज भरतात त्याचे मूळ हे. 1956 नंतर आपण बौद्ध झालो, तेव्हा राज्यात सवलती मिळाल्या तरी केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. ती 1990 च्या कायद्याने मिळाली. तेव्हा त्या अर्जाच्या मागे अर्ध्या शतकाची झुंज आहे. तो तारखेवारी चुकणे ही साधी चूक नव्हे.

आता माझी हकिगत सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल.

मी कॉलेजात गेले तेव्हा शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपत आले तरी आले नव्हते. कचेरीत गेले की म्हणायचे, "वरून आले नाहीत, पुढच्या आठवड्यात ये." खानावळीचे पैसे थकले. मी पत्र्याची पेटी भरून घरी निघाले होते. निघताना ग्रंथालयाची पुस्तके परत करायला गेले. तिथल्या ग्रंथपालबाईंनी विचारले, परीक्षा तोंडावर असताना पुस्तके का परत करतेस? मला रडूच आले. त्या बाईंनी मला बसवले, पाणी दिले आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. कोणाच्या नावे लिहायचे, कोणता जावक क्रमांक मागायचा, पोच कशी घ्यायची, सगळे शिकवले. त्यांनी मला पैसे दिले नाहीत. त्यांनी मला अर्ज लिहायला शिकवला. तीन आठवड्यांत पैसे आले. आणि दुपारी दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावायचे कामही त्यांनी मिळवून दिले. पदवी झाल्यावर त्यांनीच सांगितले, "ग्रंथालयशास्त्राचा कोर्स कर." असा काही कोर्स असतो हेच मला माहीत नव्हते. वाडीत आल्यावर लोकांनी विचारले, "पुस्तकं द्यायला आणि घ्यायला कशाला शिकायला लागतं?"

हा प्रश्न आजही विचारतात. त्याचे उत्तर एका मोठ्या माणसाच्या आयुष्यात आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच त्यांना तिथला कंटाळा आला. करायला काही कामच नाही, मला परत शिकवायला पाठवा, म्हणू लागले. तेव्हा त्यांना सांगितले गेले की, आधी इंग्लंडला जाऊन ह्या कामाचे शिक्षण घ्या, मग आवडले नाही तर परत या. ते लंडनला गेले, तिथली ग्रंथालये पाहिली, शिकले, आणि माणूसच बदलून गेला. पुस्तके साठवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत हा विचार त्यांनी देशभर रुजवला. पुढे 1956 च्या सुमारास आपल्या आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू करण्यासाठी मद्रास विद्यापीठाला दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयांसाठी समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच होते. प्रशिक्षण नसते मिळाले तर हा माणूस पहिल्याच महिन्यात नोकरी सोडून गेला असता. तेव्हा, कशाला शिकावे लागते हे रंगनाथनांना विचारा.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. ग्रंथालय आणि कॉम्प्युटर ही आता दोन वेगळी दुकाने राहिलेली नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा लाकडी खणांत कार्डे असत, एकेका पुस्तकाची तीन-तीन कार्डे हाताने लिहायची. 1991 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना कॉम्प्युटर घ्यायला अनुदान दिले आणि कर्मचाऱ्यांना ते शिकवायचीही सोय केली. पुन्हा तेच, यंत्राबरोबर माणूस. ज्यांनी शिकून घेतले ते तरले. ज्यांनी कॉम्प्युटरवर कापड घालून हळदकुंकू वाहिले त्यांचा कॉम्प्युटर तसाच राहिला.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा पुष्कळ ग्रंथपाल एकदम निवृत्त होणार अशी धास्ती पडली, तेव्हा 2003 सालापासून तिथल्या सरकारने विद्यापीठांना नवे ग्रंथपाल शोधून त्यांना शिकवण्यासाठी अनुदाने द्यायला सुरुवात केली. शोधून, हा शब्द महत्त्वाचा आहे. मुले आपोआप येतील म्हणून ते वाट बघत बसले नाहीत.

आणि तिकडे न्यूझीलंडमध्ये, आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या एका लहान भागातील ग्रंथालय ट्रस्टला जुनी संगणक प्रणाली बदलायची होती. विकत घेणे परवडेना. त्यांनी तरुण प्रोग्रामर मंडळींकडून नवी बनवून घेतली, ती 2000 साली चालू झाली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तिचे नाव कोहा. तिथल्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेट, देणगी. आपण त्याला दान म्हणू. आज जगभरची ग्रंथालये, भारतातलीसुद्धा, तिच्यावर चालतात. आपल्या विहारातल्या कपाटाची यादीही तिच्यावर करता येईल, एक पैसा न देता. फक्त करणारे पोर हवे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळे खरे, पण आमच्या मुलांनी नेमके करायचे काय? तेच सांगते. जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

दहावी-बारावी झालेल्यांसाठी ग्रंथालयाचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग असतो, त्याची चौकशी अलिबागला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी करता येते आणि त्यापुढे एक वर्षाची पदव्युत्तर पदवी. मुंबई विद्यापीठात आहे, मुलींसाठी एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात आहे, आणि घर-नोकरी सांभाळून करायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडून करता येते. कॉम्प्युटरसाठी तर बाहेर जायलाच नको. आपल्या जिल्ह्यात माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 सालापासून आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना आपण त्याच्या फलकाला नमस्कार करतो. नमस्कार करावाच, पण एकदा गाडीतून उतरून आत जाऊन प्रवेशाची माहितीही आणावी.

पैशाचे म्हणाल तर, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फी माफीची योजना वेगळी आहे, तिचाही अर्ज करावा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. ज्यांना पुढे प्राध्यापक किंवा महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे आहे त्यांच्यासाठी नेट परीक्षा आहे. ग्रंथालयशास्त्र आणि संगणकशास्त्र दोन्ही विषय तिच्यात आहेत. त्यात संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना सदतीस हजार रुपये मिळतात. नीट ऐका, शिकायचे सदतीस हजार!

कागदपत्रे मात्र आधीच तयार हवीत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आणि आधारला जोडलेले विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावचे बँक खाते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून अकरावी-बारावीतच तिची फाईल घालावी. मोबाईल नंबर घरातला, कायमचा द्यावा. आणि अर्ज भरला म्हणजे झाले असे समजू नये. तो कॉलेजने पुढे पाठवला की नाही हे बघावे, आणि दरवर्षी नूतनीकरण करावे. दरवर्षी! ह्या एका शब्दापायी आपल्या एका लेकीचे शिक्षण थांबले.

मी खोटी आशा दाखवणार नाही. ग्रंथपालाच्या सरकारी जागा आज थोड्या आहेत. सार्वजनिक वाचनालयांत पगार फार कमी आहेत. नुसत्या सरकारी नोकरीच्या आशेने ह्या वाटेला जाल तर निराश व्हाल. पण ज्याला पुस्तकांची मांडणी येते आणि कॉम्प्युटरही येतो, त्याला काम आहे. जुनी कागदपत्रे कॉम्प्युटरवर आणणे, कार्यालयांची दप्तरे लावणे, संस्थांची माहिती सांभाळणे, ही कामे वाढत आहेत. आणि ज्याला माहिती शोधता येते तो कोणत्याही परीक्षेत मागे राहत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि ह्याचसाठी मी उभी राहिले आहे. कमिटीने विहाराच्या प्रवेशद्वारी कमान बांधण्यासाठी निधी जमवला आहे. मुंबईच्या मंडळींनी घाम गाळून, महिला मंडळाने घराघरातून तांदूळ आणि रुपये गोळा करून तो उभा केला आहे. कमानीला माझा विरोध नाही. कमान झालीच पाहिजे. पण माझी नम्र सूचना अशी की कमान एक वर्ष पुढे ढकलावी, आणि त्या निधीतून ह्या जूनपासून दोन मुलांना शिकवावे. एकाला ग्रंथालयशास्त्राला आणि एकाला कॉम्प्युटरला पाठवावे. त्यात एक तरी मुलगी असावी. सरकारची शिष्यवृत्ती येईपर्यंत प्रवेशाची फी, एस.टी.चा पास आणि पुस्तके विहाराने द्यावीत. शिष्यवृत्ती आली की उचल निधीत परत भरावी, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी दोघे जातील. निधी संपणार नाही, फिरता राहील.

आणि एक अट घालावी. त्या दोघांनी तीन वर्षे दर रविवारी संध्याकाळी दोन तास विहारात बसायचे. पुस्तकांची दाखल नोंदवही करायची. ड्यूईच्या पद्धतीत बौद्ध धर्माचा अंक 294.3 आहे, तो पुस्तकाच्या पाठीवर लावण्यापासून सुरुवात करायची. आणि वाडीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अर्जाची तारीख एका वहीत लिहून ती गाठायची. कोणाचे नूतनीकरण राहिले, कोणाची पडताळणी अडली, हे घरी जाऊन सांगायचे.

तुम्ही म्हणाल, शिकवायचे आणि वर अट घालायची? अहो, अट बाबासाहेबांनासुद्धा होती. शिष्यवृत्ती घेताना जून 1913 मध्ये त्यांनी दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. 1917 साली ते तो करार पाळायला गेलेही. मग काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. महाराजांनी शिकवले, पण त्या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. कचेरीतल्या शिपायांनी त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकले. एवढा विद्वान माणूस अकरा-बारा दिवसांतच बडोदा सोडून निघाला. त्यातून आपण काय शिकायचे? नुसती शिष्यवृत्ती आणि नुसता करार पुरत नाही. शिकून आलेल्याला मानाने बसायची जागा लागते. आपली दोन पोरे शिकून आली आणि आपण त्यांना म्हटले, "चार बुकं शिकलास म्हणून आम्हाला शिकवतोस काय?" तर ती निघून जातील आणि चूक आपली असेल. म्हणून अट दोन्ही बाजूंनी आहे. त्यांनी रविवारी यायचे, आणि आपण त्यांना टेबल, खुर्ची, दिवा आणि मान द्यायचा.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधले तेव्हा वरच्या मजल्यावर पुस्तकांची सोय केली. पुढे 1946 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले, तेव्हाही तिथल्या ग्रंथालयात त्यांचे बारीक लक्ष असे. पुस्तके आपली आहेत म्हणून कुलपात ठेवणारे ते नव्हते. आपण त्यांची पुस्तके कुलपात ठेवून किल्ली मुंबईला विसरलो.

काल तो बिजागरीचा खिळा काढणारा मुलगा मला विचारत होता, "आजी, ही पुस्तकं आम्ही घरी नेली तर चालतील का?" मी त्याला म्हटले, उद्या सगळ्यांसमोर विचारते. म्हणून अध्यक्ष महोदय, आज सगळ्यांसमोर विचारते. ह्या कपाटाची किल्ली आपण कोणाच्या हाती देणार?

माझ्या निवृत्तिवेतनातले दहा हजार रुपये मी ह्या निधीसाठी आजच जमा करते, त्याची पावती मला नको. ज्या लेकीचे वर्ष बुडाले तिचे नाव पहिल्या दोघांत घ्यावे एवढीच विनंती आहे. तिचा पुढच्या वर्षाचा अर्ज मी स्वतः तिच्याशेजारी बसून भरून घेईन. कमान वर्षभर थांबेल, तिला राग येणार नाही.

बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर पदरात घ्यावे. 

जयभीम! भवतु सब्ब मंगलं!